सोळा मिक्सर, एक इंटरव्ह्यू

...नाही, मला एक सांगा, शेंगदाण्याचं कूट करायला वेळ तो किती लागतो? अर्धा मिनिट? बरं, एक मिनिट घ्या, अगदी बारीक हवं असेल तर दीड घ्या! मग आमच्या विमलाबाईंना साडेतीन मिनिटं का लागायची? आणि तीही बरोबर सकाळी दहाच्या ठोक्याला, जेव्हा मी वर चौथ्या मजल्यावर गणपतीला गावी जायचं तिकीट काढायला बसलेलो असायचो, तारीख टाकलेली, नावं टाकलेली, आसावरीचं वय तिच्या हुकमाप्रमाणे दोन वर्षं कमी टाकलेलं, फक्त एक बटण दाबायचं राहिलेलं... आणि दुसऱ्या मजल्यावरून आवाज येतो, घुर्रर्रर्र! झालं. माझ्या स्क्रीनवर ते चक्र सुरू. खाली विमलाबाईंचं पातं फिरतंय, वर माझं चक्र फिरतंय आणि मधे मी फिरतोय, हॉलमधून गॅलरीत नि गॅलरीतून हॉलमध्ये. कूट होईपर्यंत कोकणातल्या सगळ्या गाड्या फुल्ल!

तुम्ही म्हणाल, काका, मिक्सरचा आणि इंटरनेटचा काय संबंध? हां! तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये इंटरनेट लाइटच्या वायरमधून येतं. हसू नका. खरंच येतं. म्हणजे, येतं असं म्हणायची पद्धत आहे.

तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. मी मधु पाटकर. बत्तीस वर्षं कोलशेतला कंपनीत काढली, आता दोन वर्षं झाली रिटायर होऊन. राहायला डोंबिवली ईस्ट, मयूर सोसायटी. चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही, पण रंग आहे! रंगाचं विचारू नका. आमचा सेक्रेटरी धनेश, त्याने चौदा वर्षांनी बिल्डिंगला रंग लावून घेतला, मोरपिशी, आणि त्या दिवसापासून हा माणूस समोरच्या फुटपाथवर उभा राहून स्वतःच्या बिल्डिंगकडे असा बघतो, जसं काही मुलगी दाखवायचा कार्यक्रम चाललाय. रंगवाल्याने सांगितलेलं, सात वर्षं गॅरंटी, पण भिंतीला एक जरी भोक पाडलंत तर गॅरंटी गेली! मग काय, धनेशने ठरावच केला. बाहेरून एकही केबल लटकणार नाही. इंटरनेटवाला आला, हाकलला. दुसरा आला, त्याच्या हातात ड्रिल बघून धनेश त्याच्या अंगावर धावून गेला. मोबाइलचं म्हणाल, तर आमच्या चारी बाजूंना तेवीस-तेवीस मजली टॉवर झालेत, त्यामुळे फोन कसाबसा लागतो, पण नेटची रेंज फक्त गच्चीत, तीही पाण्याच्या टाकीवर चढलात तर.

आणि अशा वेळी तो आला. टायवाला. बॅग उघडली, आतून साबणाच्या वडीएवढा एक पांढरा डबा काढला, म्हणाला, "काका, भिंत फोडायची नाही, केबल ओढायची नाही, खाली मीटररूममध्ये आमचा मोठा डबा बसणार, घरात हा छोटा डबा प्लगमध्ये खुपसायचा, आणि नेट सुरू! वायर तर आहेच ना घरात!"

वायर तर आहेच ना घरात! काय वाक्य आहे हो! सोळाच्या सोळा घरं त्या एका वाक्यावर भाळली. धनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांच्या करारावर त्याने तिथल्या तिथे सही ठोकली.

आता वायर आहे, कबूल. पण त्या वायरवर आधीपासून कोण कोण राहतंय ते त्याने विचारलं का? मिक्सर राहतो, फ्रीज राहतो, इस्त्री राहते, तिसऱ्या मजल्यावरच्या ऐश्वर्याचा केस वाळवायचा तो फुंकण्या राहतो, आणि त्यातून आमचं नेट बिचारं अंग चोरून वर येणार. मोटर फिरली की त्याची घाबरगुंडी! आणि मी चौथ्या मजल्यावर. मीटररूम तळाला. म्हणजे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्याने पिऊन उरलेलं नेट माझ्या वाट्याला.

आणि तो डबा, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. साहेबांना थेट भिंतीतला प्लग लागतो! आता तुमच्या घरात बघा एकदा, भिंतीतला प्लग मोकळा आहे का कुठे? आमच्याकडे एकच निघाला. देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळेचा. मी माळ काढली, डबा खुपसला, तर आसावरी... आसावरी म्हणजे आमची ही... ती बाहेर आली. "अहो, देव अंधारात बसवलेत?" म्हटलं, अगं, नेटसाठी. "मग देवालाच विचारा तिकिटाचं!" तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर देव्हाऱ्याशेजारी आहे. पासवर्ड टाकायच्या आधी हात आपोआप जोडले जातात.

बरं, त्रास काय आम्हालाच आहे असं नाही. पहिल्या मजल्यावर आमची अ‍ॅग्नेस राहते, मूळची उत्तनची, नवरा ज्यूड गोदीतून रिटायर. तिच्याकडे तिच्या बाबांचा जुना रेडिओ आहे, लाकडी पेटीचा. एकदा जिन्यात माझी कॉलरच धरायची बाकी होती. "अरे मदू, तू काय बगतं रे वरती कॉम्प्युटरवर? तू चालू केला का माझा रेडिओ खर्रर्र करतो! काल एवडी मस्त जुनी गानी लागलेली, तुज्या खरखरीत सगली गेली!" आता काय सांगणार? म्हटलं, अ‍ॅग्नेसबाई, तुमचा मिक्सर माझ्या नेटमध्ये येतो, माझं नेट तुमच्या रेडिओत येतं, वायर तर आहेच ना घरात!

आणि लाइट गेली की? माझ्याकडे इन्व्हर्टर आहे! पंखा फिरतो, ट्यूब लागते, टीव्ही लागतो, फक्त नेट नाही. कारण खाली मीटररूममधला मोठा डबा झोपला. म्हणजे लाइट कधी येणार ते बघायला नेट पाहिजे, आणि नेट यायला लाइट पाहिजे. कंपनीला फोन लावला, तर ती बाई गोड आवाजात विचारते, "सर, आपल्या परिसरात कुठलं विद्युत उपकरण चालू आहे का?" अहो बाई, परिसर म्हणजे डोंबिवली आहे!

पण माणूस सवयीचा गुलाम. सहा महिन्यांत मी इतका तयार झालो, की चित्र कसं अडकतं त्यावरून सांगायचो कोणाकडे काय चाललंय. थांबत थांबत अडकलं, घुर्र... घुर्र... घुर्र, ती विमलाबाईंची लसणीची चटणी. एकदा अडकलं आणि दोन मिनिटं हललंच नाही, ते अ‍ॅग्नेसचं माशाचं वाटण. चित्राला मुंग्या आल्या, ऐश्वर्या केस वाळवतेय. आसावरीला मी म्हणायचो, आज दुसऱ्या मजल्यावर इडल्या आहेत. ती म्हणायची, कशावरून? बातम्या देणारा माणूस तोंड उघडं टाकून बसलाय यावरून!

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं हो. पण आमची मेघना...

मेघना आमची मुलगी, एकुलती एक. सत्तावीस वर्षांची. घरांचे नकाशे काढते कॉम्प्युटरवर, खांब कुठे, जिना कुठे, पाइप कुठून जाणार, सगळं. ठाण्याला एका ऑफिसात होती चार वर्षं. एके दिवशी ऑफिसच बंद झालं, मालक म्हणाला, सॉरी. त्याला आठ महिने झाले. पहिले दोन महिने ठीक होतं, म्हणायची, बाबा, आराम करते जरा. मग अर्ज पाठवायला लागली. एक, दहा, पन्नास. मग मोजायची बंद झाली. आमची पोरगी म्हणजे घरात शिरली की आधी तिचं गाणं शिरायचं, सुरात नव्हे, पण मोठ्याने. ते गाणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही. एक दिवस घर इतकं शांत वाटलं, मी आसावरीला विचारलं, फ्रीज बिघडला काय गं? ती म्हणाली, फ्रीज नाही हो, मेघना. मला फार वाईट वाटलं तेव्हा. बापाला पोरीचं गाणं थांबलेलं कळत नाही आणि दुसऱ्या मजल्यावरची चटणी कळते!

त्यातून दोन इंटरव्ह्यू झाले होते. कॉम्प्युटरवरूनच. पहिल्यात अ‍ॅग्नेसकडे बोंबील होते, गेला. दुसऱ्यात मेघना म्हणे मस्त बोलत होती, पाच मिनिटं बोलली, मग बघितलं तर समोरचे साहेब केव्हाच जेवायला गेलेले, तिचं बोलणं इकडेच वायरीत अडकलेलं. त्यानंतर ती म्हणाली, आता पुढचा आला तर मी कल्याणला मैत्रिणीकडे जाऊन देईन. तिचा मोठा कॉम्प्युटर, ते नकाशे त्याच्यावरच उघडतात, तो रिक्षात घालून न्यायचा. तिसरा आलाही, एका कंपनीचा, गुरुवारचा; मी दोरीसुद्धा आणून ठेवलेली बांधायला.

आणि गेल्या महिन्यात, मंगळवार, सकाळी पावणेनऊ. मी पोहे खातोय. मेघना खोलीतून बाहेर आली, चेहरा पांढराफटक. "बाबा, त्या कंपनीचा मेल आलाय. गुरुवारचा इंटरव्ह्यू त्यांनी आजच ठेवलाय. सव्वा दहाला." कुठून? "कुठून काय बाबा, इथूनच! कल्याणला जाऊन दार कोण उघडणार? मैत्रीण ऑफिसला गेली असणार." आणि खाली बसली. म्हणाली, "जाऊ दे. नको देऊया. परत ते चक्र बघायची ताकद नाही माझ्यात."

तुम्हाला सांगतो, मी पोह्यांची बशी खाली ठेवली. ही पोर कधी 'जाऊ दे' म्हणाली नव्हती. लहानपणी सायकलवरून अकरा वेळा पडली, नाही म्हणाली जाऊ दे! मी उठलो. म्हटलं, तू साडी नेस, ड्रेस घाल, काय ते कर. सव्वा दहा ते सव्वा अकरा या बिल्डिंगमध्ये एक मोटर फिरणार नाही. हा मधु पाटकर बघतो कशी फिरते!

ग्रुपवर मेसेज टाकला. एकच टिक! गेलाच नाही! का? तर विमलाबाईंची चटणी! वायर तर आहेच ना घरात! मग निघालो पायीच, बनियनवर शर्ट, शर्टाची बटणं वरखाली.

पहिल्या, विमलाबाई. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या नगरकडच्या, बारा लोकांचे डबे देतात ऑफिसात जाणाऱ्यांचे, साडेअकराला डबेवाला दारात. त्यांना मिक्सर बंद करा म्हणायचं म्हणजे गाईला दूध देऊ नको म्हणायचं. मी दारात उभा, धापा टाकतोय, आणि आता यांना नेट, मोटर, सिग्नल काय काय समजावणार? माझ्या तोंडून काय निघावं? म्हटलं, "विमलाबाई, आज नागपंचमी समजा!"

"अरे मधू, नागपंचमी अजून सोळा दिवस आहे."

"माहिताय हो! पण नागपंचमीला तुम्ही चिरत नाही, वाटत नाही, तव्यावर काही टाकत नाही, बरोबर? तसं आज. एक तास. मेघनाचा इंटरव्ह्यू आहे. तुमचं पातं फिरलं की तिचं नशीब थांबतं."

विमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मिक्सरकडे पाहिलं. भांड्यात अर्धं वाटलेलं खोबरं. हात पुढे केला आणि प्लग नुसता बंद नाही केला, उपटून काढला! म्हणाल्या, "नागपंचमी तर नागपंचमी. मग मी पुरणाची दिंडंच करते सगळ्यांना. उकडायचं तर असतं, गॅसवर होतं. पुरणयंत्र माझं हाताचं आहे. जा तू!"

आता तिथून मला गुरुकिल्ली मिळाली ना! प्रत्येक दारात तेच. आज नागपंचमी, सव्वा दहा ते सव्वा अकरा. तिसऱ्या मजल्यावर ऐश्वर्या ओल्या केसांनी दार उघडते, म्हटलं, पोरी, केस गच्चीत वाळव, आज नागपंचमी. ती म्हणाली, "काका, केसांचा काय संबंध?" म्हटलं, नागाला आवाज आवडत नाही! काय वाटेल ते सांगितलं हो मी. एका घरात तर सूनबाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून दूध-लाह्या आणायला माणूस पाठवला. समोरच्या बिल्डिंगमधून फोन, "पाटकर, पंचांग बदललं का यंदा?"

मग अ‍ॅग्नेस. तिच्यापुढे जरा अडखळलो. म्हटलं, अ‍ॅग्नेसबाई, तशी ही आमची नागपंचमी, पण... तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मेघनासाटी ना? मग मी गुड फ्रायडे पालते. रेडिओ पन बंद, मिक्सर पन बंद, ज्यूडचा तोंड पन बंद. अजून काय? फ्रीज बंद करू?" म्हटलं, फ्रीजही करा. "करते. पन माजी सुरमई खराब झाली तर तुज्या गळ्यात!" आतून ज्यूड काहीतरी बोलायला गेला, तिने ओठांवर बोट ठेवलं. तो तास त्या माणसाने खरंच पाळला.

धनेशकडे गेलो तर तो आंघोळीला शिरला होता. त्याच्या बायकोला सांगितलं. सोळा घरं झाली. दहा वाजून दहा मिनिटं. मी वर आलो, आसावरीने देवापुढे समई लावलेली... हां, समई, तेलाची, तिला प्लग लागत नाही. मेघना निळ्या ड्रेसमध्ये कॉम्प्युटरपुढे. आणि बिल्डिंग... अहो, अशी शांतता मी डोंबिवलीत ऐकली नव्हती. मला कावळा ऐकू आला. सुरू झालं. समोर दोन माणसं, एक बाई, एक साहेब, काय स्वच्छ दिसत होते! साहेबांच्या मिशीतला पांढरा केस दिसत होता! मेघना बोलायला लागली, नकाशा उघडला, आसावरी दाराआड तोंडाला पदर लावून, मी तिच्या मागे. पोरगी छान बोलत होती हो. तिचे हात हलायला लागले बोलताना, ते हलले की मला कळतं, आता ही रंगात आली.

आणि साडेदहाला, धुऽऽऽम्म! अख्खी बिल्डिंग हादरली. पंप!

सोळा घरांना सांगितलं होतं मी, आणि सतराव्याला विसरलो. सहदेव! आमचा वॉचमन, गेली अकरा वर्षं रोज साडेदहाला नळाला पाणी येतं तेव्हा पंप लावतो, टाकी भरतो. तीन हॉर्सपॉवरचा पंप! सोळा मिक्सर एकीकडे आणि तो एकीकडे! स्क्रीनवर साहेब डोळे मिटलेले अडकले, मेघनाचे हात हवेतच राहिले, आणि मी जिन्यात होतो. चार मजले मी कसे उतरलो मला विचारू नका, मधले काही मजले माझ्या पायांना लागलेच नाहीत. खाली पोचलो, पंपाचा खटका फाडकन खाली पाडला.

सहदेव बघतच राहिला. "काका, काय करता? पानी आत्ताच येतं, अकराला जातं. आज नाय चढवलं तर टाकी रिकामीच हाय, उद्यापरेंत नळाला थेंब नाय मिळायचा कुनाला!"

आता बोला. चिरू नका, वाटू नका इथपर्यंत ठीक होतं, लोकांनी ऐकलं. पण पाणी? सोळा घरांचं दिवसभराचं पाणी, माझ्या एका पोरीसाठी? मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? खटक्यावर हात ठेवून मी उभा, माझी मुलगी वर हवेत हात धरून बसलेली... खरं सांगतो, मी तो खटका परत वर करायला निघालो होतो.

तेवढ्यात वरून आवाज, "सहदेऽऽव! पाणी गेलं! पंप लाव!" आणि जिन्यातून फदक फदक फदक... धनेश! कमरेला टॉवेल, डोक्यापासून पायापर्यंत साबणाचा फेस, एक डोळा मिटलेला. त्याच्याच रंगाच्या जिन्यावर पांढरे ठसे उमटवत आला. "कोणी बंद केला पंप?" मी म्हटलं, मी. मेघनाचा इंटरव्ह्यू. चालू आहे. धनेश थांबला. उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा माणूस सोसायटीचे नियम काढणार. तर म्हणतो कसा, "अजून चालू आहे? मग इथे काय करताय काका, वर जा ना! सहदेव, आज पंप बंद. कोणी विचारलं तर सांग, सेक्रेटरीचे आदेश." आणि तसाच पायरीवर बसला. साबण अंगावर वाळत होता. अर्धा तास बसला तो तसा. एकेक करून सगळे दारात आले, त्यांनी धनेशला बघितलं, आणि कोणी पाण्याचं नाव काढलं नाही. अ‍ॅग्नेसने आतून पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या आणून त्याच्या निदान डोळ्यावर तरी ओतला.

मी वर गेलोच नाही. तिथेच त्याच्या शेजारी बसलो. त्या फेसाच्या माणसाबद्दल मला इतकी माया वाटली, की विचारू नका. वरचं मला नंतर आसावरीने सांगितलं. चित्र परत सुरू झालं, तेव्हा त्या बाईंनी विचारलं, मध्येच काय झालं? आणि मेघनाने खरं ते सांगून टाकलं. म्हणाली, "मॅडम, आमच्या बिल्डिंगचा पंप लागला होता, आता सगळ्यांनी तो बंद केलाय, मी बोलून होईपर्यंत. म्हणजे आज कोणालाच पाणी नाही. त्यामुळे मी जरा भरभर सांगते." त्यावर ते साहेब हसले म्हणे, आणि म्हणाले, भरभर नको, नीट सांगा.

अकरा वाजून पाच मिनिटांनी वरून आवाज आला. आधी मला ओळखू येईना. मग कळलं. गाणं! बेसूर, मोठ्याने, एकेक पायरी उतरत. मेघना खाली आली, सगळे उभे, ती मला बघते, धनेशला बघते, आणि म्हणते, "घेतलं बाबा! तिथल्या तिथे सांगितलं त्यांनी, घेतलं!"

पुढचं मी काय सांगू? मी रडलो. सरळ रडलो, लाजायचं काय त्यात. विमलाबाई परात घेऊन आल्या, गरम दिंडं, वर तुपाची धार, जिन्यातच बसून सगळ्यांनी खाल्ली. हात धुवायला पाणी नाही, बोटं चाटून पुसली. ज्यूडला बोलायची परवानगी मिळाली, तो पाऊण तास थांबला नाही. विमलाबाईंच्या बाराही डब्यांत चटणीऐवजी दिंडं गेली आणि दुपारी बाराच्या बारा जणांनी फोन करून विचारलं, उद्या काय सण आहे?

आणि मग, तूप पुसत पुसत, विमलाबाईंनी सहज विचारलं, "मेघना, ऑफिस कुठे गं? ठाण्याला की पार मुंबईत?"

मेघना म्हणाली, "ऑफिस नाही आजी. घरूनच काम. सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा."

जिन्यात परत ती शांतता. कावळा ऐकू आला.

कोणी कोणाकडे बघेना. धनेशच्या अंगावरचा साबण तडकला, तेवढाच आवाज. मी मनात म्हटलं, मधु, एक तास मागून घेतलास, आता पोरीने आठवड्याचे चाळीस मागितले! करार अजून सव्वादोन वर्षं आहे, भिंतीला भोक पाडायचं नाही, वायर तर आहेच ना घरात! पण तुम्हाला सांगतो, माणसं काय असतात! पहिली अ‍ॅग्नेस बोलली. "पंप सकाली नळाला पानी येतं तवा अर्धा तास लावा, तेवड्यात पोरगी चहा पिऊन घेल." ऐश्वर्या म्हणाली, केस मी गच्चीतच वाळवते, चांगले वाळतात. राहिलं वाटण. विमलाबाई म्हणाल्या, "त्याची काळजी नको. माझ्या सासूबाईंचा पाटा-वरवंटा आहे माळ्यावर, तो खाली जिन्याखाली मांडा. सोळा घरांचं वाटण तिथेच होईल. त्याला वायर नाही."

टाळ्या पडल्या! एकमताने मंजूर! धनेशने टॉवेल सावरत ठराव लिहूनही घेतला. मग कोणीतरी विचारलं, वाटणार कोण? सगळ्यांना कामं. सुना ऑफिसला, विमलाबाईंचे गुडघे, ज्यूडचा खांदा. एकेक नजर फिरायला लागली. फिरत फिरत आली. थांबली.

आसावरी म्हणाली, "हे मोकळेच असतात."

तेव्हा आता रोज सकाळी दहाला मेघना वर कॉम्प्युटरपुढे बसते, आणि मी खाली पाट्यापुढे. लसूण, खोबरं, अ‍ॅग्नेसचा मसाला, चिठ्ठी लावून वाट्या ठेवलेल्या असतात, नंबरवार. तिला शनिवार-रविवार सुटी असते, मला नाही, रविवारी उलट मटण असतं! पोरीचा प्रोबेशनचा काळ अजून चाललाय, पण मला मात्र विमलाबाईंनी पहिल्याच आठवड्यात कायम केलं.